वारणेकाठचा संगणक

वारणा नदी सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची शीव आखीत वाहते आणि सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर कृष्णेला मिळते. तिच्या उत्तर तीरावर शिराळा आणि वाळवा तालुक्यांतील गावे, दक्षिण तीरावर पन्हाळा आणि हातकणंगले. जिल्हे दोन असले तरी खोरे एक, पीक एक, बोली एक आणि अनेक गावांचा उसाचा काटाही एकच. या खोऱ्यातील सलग ७० गावांची १९९८ साली एका प्रयोगासाठी निवड झाली. देशोदेशींच्या विद्यापीठांतील अभ्यासक पुढे कितीतरी वर्षे त्या प्रयोगाची चिकित्सा करीत राहिले. सातारा-सांगली भागातील आजच्या पिढीला मात्र त्याचे नावही फारसे ठाऊक नाही.

पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. त्या वर्षी ११ आणि १३ मे रोजी पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या आणि २२ मे रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी माहिती तंत्रज्ञानाच्या विकासासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमला. सारे जग आर्थिक निर्बंधांची भाषा बोलत असताना दिल्लीतील सरकार संगणकाच्या जाळ्याचा विचार करीत होते, ही गोष्ट लहान नव्हे. हे जाळे मुंबई-बंगळुरूच्या कचेऱ्यांपुरते न राहता खेड्यात जाऊ शकते काय, हे पाहण्यासाठी वारणेचे खोरे निवडले गेले. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहाचा साखर कारखाना, दूध संघ, ग्राहक बाजार, शाळा आणि महाविद्यालये असा पसारा तेथे आधीच होता. योजनेच्या खर्चातील निम्मा वाटा केंद्राने, ४० टक्के राज्य शासनाने आणि १० टक्के वारणा विभाग शिक्षण मंडळाने उचलला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने संगणकप्रणाली तयार केली आणि गावोगावी संगणक, छपाईयंत्र व चालक असलेली केंद्रे उभी राहिली.

योजनेच्या कागदावर पुष्कळ काही होते. शेतकऱ्याला केंद्रात बसून बाजारभाव कळणार होते, पिकावरील रोगाचा सल्ला मिळणार होता, जमिनीचे उतारे निघणार होते, मुलांना दूरशिक्षण मिळणार होते आणि तरुणांना नोकरीच्या जाहिराती दिसणार होत्या. त्या काळात अशा स्वप्नांना तोटा नव्हता. प्रत्यक्षात काय टिकले? ऊस टिकला. केंद्रांचा खरा उपयोग उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजनाची पावती, खताची उचल आणि बिलाची रक्कम यांपुरता होत राहिला. जगाशी जोडणारा जो मार्ग म्हणून त्या संगणकांची ख्याती झाली, त्या मार्गाने गावातले जवळजवळ कोणी गेलेच नाही.

शहरी टीकाकारांनी याला अपयश म्हटले. परंतु ज्याने उसाचे अर्थकारण जवळून पाहिले आहे, तो असे म्हणणार नाही. उसाच्या शेतकऱ्याचे वर्ष तोडीच्या पाळीवर अवलंबून असते. लागणीची तारीख कारखान्याच्या वहीत कोणती पडली, त्यावर तोड कधी येणार हे ठरते. पाळी महिनाभर पुढे गेली तर उसाला तुरे येतात, वजन घटते, पुढच्या पिकाचा हंगाम हुकतो. म्हणून गट कार्यालयातील चिटबॉय हा कोवळ्या वयाचा पोरगाही गावात मोठा माणूस असतो. पाळी कोणाची आधी लागली आणि कोणाची मागे पडली, यावरून भाऊबंदकी होते आणि निवडणुकाही फिरतात. काटामारीचा संशय तर ऊसपट्ट्यात घराघरांत आहे. पूर्वी वारणेकाठच्या शेतकऱ्याला आपली नोंद पडताळायची तर एक दिवसाचे काम टाकून वीस-पंचवीस किलोमीटरवरील कारखान्याची वाट धरावी लागे. तेथे बाबू जेवायला गेलेला असला की दिवस बुडाला. गावातल्या केंद्रात तीच नोंद छापून हातात पडू लागली, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती प्रथमच असा कागद आला, ज्याच्या आधारे तो कारखान्याला प्रश्न विचारू शकत होता.

वारणेचा धडा येथेच आहे. यंत्र गावात पोहोचले म्हणजे माणूस जोडला गेला, असे होत नाही. त्या यंत्रातून आपल्या हक्काची नोंद आपल्या भाषेत, मध्यस्थाविना पाहता आली आणि ती चुकली असल्यास तिला आव्हान देता आले, तरच तो जोडला जातो. ऊस नोंदीपुरते हे काही प्रमाणात साधले. बाकी योजनेत साधले नाही, कारण जगाच्या त्या जाळ्यात वारणेकाठच्या माणसासाठी त्याच्या भाषेत काही नव्हतेच. मराठीतील बाजारभाव, मराठीतील पीकसल्ला, मराठीतील नोकरीची जाहिरात कोणी भरून ठेवली नव्हती. विहीर खणली, मोट बसवली, पाणी मात्र आलेच नाही.

पुढे या गोष्टीला एक गमतीदार वळण लागले. काही वर्षांत संगणक जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला, विजेचा लपंडाव होताच. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी याच खोऱ्यातील ७ गावांत केंद्रातील संगणकाऐवजी साधा मोबाइल वापरून पाहिला. कारखान्यातील संगणकाला एक फोन जोडला आणि शेतकऱ्याने पाठवलेल्या लघुसंदेशाला उत्तर म्हणून त्याच्या उसाचे वजन आणि खतउचल कळू लागली. कोट्यवधींच्या योजनेचे काम खिशातल्या फोनने केले. संगणकप्रणाली विकणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या माणसांनीच संगणक काढून घेण्याचा सल्ला द्यावा, यातली मौज बाजूला ठेवली तरी त्यातून एवढे दिसते की, शेतकऱ्याला यंत्राचे अप्रूप नव्हते. त्याला आपले वजन हवे होते आणि ते रात्री नऊ वाजता घरी बसून मिळाले तर अधिक बरे होते.

या प्रयोगाच्या आधीचा काळ आठवला की, तो प्रयोग किती धाडसाचा होता हे कळते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. वैयक्तिक जोडणीचा दर २५० तासांसाठी १५ हजार रुपये होता. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत केवळ अक्षरे दाखवणारी जोडणी मिळे. सुरुवातीची केंद्रे मोजक्या महानगरांतच होती. म्हणजे सांगलीतल्या एखाद्या उद्योजकाला किंवा साताऱ्यातल्या प्राध्यापकाला जाळ्यात शिरायचे तर पुण्या-मुंबईपर्यंतच्या फोनचे एसटीडी बिल आधी भरावे लागे. शाळामास्तरांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची ही चैन होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने विदेश संचारची मक्तेदारी मोडली, १९९९ मध्ये नवे दूरसंचार धोरण आले, त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र मंत्रालय निघून ते प्रमोद महाजन यांच्याकडे गेले आणि २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. या चार पावलांनंतरच सायबर कॅफे नावाची वस्तू तालुक्याच्या गावी दिसू लागली. प्लायवुडच्या खोपट्यात तासाला वीस-तीस रुपये मोजून अमेरिकेतल्या मुलाचे पत्र वाचणारे निवृत्त आजोबा आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी तेथे उडणारी झुंबड, ही त्या दशकाची खूण होय.

या विषयावर राष्ट्रीय विचारांच्या चळवळीचे स्वतःचेही एक जुने मत होते आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९८४ हे वर्ष भारतीय मजदूर संघाने संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळले होते. त्याच वर्षी बँकांच्या यांत्रिकीकरणावरील रंगराजन समितीचा अहवाल आला होता. मनुष्यबळ विपुल असलेल्या देशात माणसाच्या हातचे काम यंत्राला देणे हा कोणता शहाणपणा, असा दत्तोपंत ठेंगडींच्या पिढीचा सवाल होता. आज तो सवाल ऐकून तरुण कार्यकर्ते हसतात. हसण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे संगणकाने देशाला लक्षावधी नोकऱ्या दिल्या. त्या अर्थी भीती खोटी ठरली आणि ते मान्य केले पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, त्या नोकऱ्या ज्या गावांत होत्या त्या गावांत त्या राहिल्या नाहीत. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडलेल्यांची संख्या लाखाच्या घरात होती. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून, साखराळ्याच्या राजारामबापू तंत्रनिकेतनाच्या परिसरातून आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी हुशार मुले पुण्याच्या हिंजवडीला आणि तेथून पुढे गेली. ठेंगडींनी आयुष्यभर पाश्चात्यीकरणाविना आधुनिकीकरण असा विचार मांडला. त्यातला पहिला भाग विसरून दुसऱ्याचेच तेवढे स्वागत झाले.

या भागातील दोन बँकांची कथा याच संदर्भात आठवते. सांगली बँक १९१६ मध्ये स्थापन झाली आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ मध्ये. दोन्ही गावच्या मध्यमवर्गाच्या बँका होत्या. पेन्शनरांच्या ठेवी, व्यापाऱ्यांच्या उचली आणि मुलींच्या लग्नासाठी जमवलेले पैसे त्यांत होते. ऑक्टोबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआय बँकेत आणि एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. अवघ्या सात महिन्यांत दोन जिल्ह्यांनी आपल्या नावाच्या दोन बँका गमावल्या. याचे खापर संगणकावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. भांडवलाची चणचण आणि बुडित कर्जे हीच मुख्य कारणे होती. तथापि नव्या खासगी बँका जन्मापासूनच मध्यवर्ती संगणकाला जोडलेल्या शाखा घेऊन आल्या होत्या आणि जुन्या बँकांना लेजर बंद करून त्या पंगतीत बसण्यासाठी लागणारा पैसा नेमका त्याच वेळी हाताशी नव्हता. विकत घेणाऱ्यांकडे जाळे होते, त्यांना हव्या होत्या त्या गावोगावच्या शाखा आणि तीन पिढ्यांचा विश्वास. दोन्ही वस्तू साताऱ्या-सांगलीने पैशापैशाने कमावल्या होत्या.

आता भाषेचा प्रश्न. संगणकावर मराठी येण्याची कथा म्हणजे स्वदेशी बुद्धिमत्तेची आणि स्वदेशी आळसाची एकत्र कथा आहे. भारतीय लिप्यांसाठी एकच सांकेतिक मानक १९९१ मध्ये मान्य झाले. इनस्क्रिप्ट हा कळफलक त्याही आधी ठरला होता. देवनागरी, बंगाली, कन्नड, तेलुगू या साऱ्या लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाने चालते, म्हणून एकदा शिकलेल्या कळा सर्व भाषांना चालतात. भारताची भाषिक एकात्मता व्याख्यानातून सांगण्याऐवजी कळफलकावर दाखवणारी ही योजना होती. पुण्याच्या सी-डॅकने यात मोठे काम केले. कराडचे पृथ्वीराज चव्हाण राजकारणात येण्याआधी भारतीय भाषा संगणकावर आणण्याच्या कामातच होते. पक्षभेद बाजूला ठेवून त्याची नोंद घेतली पाहिजे. इतके असूनही व्यवहारात काय चालले? प्रत्येक छापखान्याचा निराळा फाँट, प्रत्येक कचेरीची निराळी प्रणाली. साताऱ्याच्या कचेरीत टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या कचेरीच्या संगणकावर उघडला की पडद्यावर चिन्हांची रांगोळी दिसे. मग कंटाळून बाबू इंग्रजीत लिहू लागे, किंवा कागद छापून टपालाने पाठवी. युनिकोड रुळेपर्यंत निदान दहा वर्षे वाया गेली आणि या दहा वर्षांत संगणकाची भाषा इंग्रजीच असते, हा समज दोन पिढ्यांच्या मनात घट्ट झाला. २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लक्षावधी मुलांना मराठीतून संगणक शिकवला आणि शासकीय कर्मचाऱ्यांना तो उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. त्या एका उपक्रमाने जेवढे साधले, तेवढे अनेक मोठ्या घोषणांनी साधले नाही.

भाषेचा आग्रह म्हणजे मागासपणा असे ज्यांना वाटते, त्यांनी एस्टोनियाकडे पाहावे. बाल्टिक किनाऱ्यावरील या देशाची लोकसंख्या जेमतेम १३-१४ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख होती. म्हणजे हे दोन जिल्हे मिळून चार एस्टोनिया होतात. १९४० पासून जवळजवळ अर्धशतक सोव्हिएत जोखडाखाली राहून तो देश १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. तिजोरी रिकामी, शेजारी बलाढ्य आणि जगात दुसरे कोणी बोलत नाही अशी भाषा. १९९६ मध्ये त्यांनी ‘व्याघ्रझेप’ या अर्थाच्या नावाची योजना जाहीर केली आणि प्रत्येक शाळेत संगणक व जोडणी पोहोचवण्याचे ठरवले. २००१ मध्ये निरनिराळ्या सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींशी बोलू शकतील अशी स्वतःची प्रणाली उभी केली, २००२ पासून ओळखपत्रे दिली आणि २००५ च्या स्थानिक निवडणुकांत नागरिकांनी इंटरनेटवरून मतदान केले. हे सारे एस्टोनियन भाषेत. परकीय सत्तेखालून सुटलेल्या समाजाला आपली भाषा आणि आपले तंत्रज्ञान ही एकाच स्वातंत्र्याची दोन अंगे वाटली. २००७ मध्ये त्यांच्या जाळ्यावर बाहेरून मोठा हल्ला झाला, बँका आणि वृत्तपत्रे काही काळ ठप्प झाली. तरी त्यांनी माघार घेतली नाही.

त्यांच्या व्यवस्थेतील एक बारकावा येथे फार महत्त्वाचा आहे. आपली नोंद कोणत्या अधिकाऱ्याने केव्हा उघडून पाहिली, हे तेथील नागरिकाला स्वतःला पाहता येते. अधिकारी नागरिकाला पाहतो, तसा नागरिक अधिकाऱ्याला पाहतो. सातबारा, फेरफार किंवा शिधापत्रिकेच्या बाबतीत ही सोय कल्पनेत आणून पाहावी, म्हणजे तलाठी सजातील किती कटकटी मिटतील ते कळेल.

व्यापाराच्या क्षेत्रात या भागाचा अनुभव आणखी बोलका आहे. वारणा जेथे कृष्णेला मिळते त्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची जुनी रीत होती. वर्षानुवर्षे न किडता हळद त्या मातीत राही. त्या हळदीच्या जोरावर सांगली ही देशातील हळदीची मोठी पेठ बनली आणि वायदेबाजारही सांगलीतच चाले. पेवातला माल, पेठेतला व्यापारी आणि वायदा करणारा यांच्यात चालत जाण्याएवढेच अंतर होते. २००४ मध्ये मुंबईतील एनसीडीईएक्स या संगणकीय बाजारात हळदीचे वायदे सुरू झाले आणि सौदा सांगलीच्या पेठेतून पडद्यावर गेला. ज्यांनी हळदीचे कांडे कधी हातात घेतले नाही, तेही हळद घेऊ-विकू लागले. २०१० मध्ये भाव क्विंटलला १५ हजारांच्या पुढे गेला आणि २०१२ च्या आरंभी तो ४ हजारांच्या आसपास घसरला. भाव चढण्याला उत्पादनातील तूटही कारण होती, पडण्याला वाढलेली लागवडही. सारा दोष सट्ट्याचा नव्हे. परंतु चढत्या भावाची बातमी पडद्यावर पाहून ज्याने उसाचा फड मोडून हळद लावली, त्याला उतरत्या भावाची बातमी हळद शिजवून वाळवल्यावर मिळाली. पडदा सर्वांसाठी एकच होता. त्याचा अर्थ लावणारे शहाणपण पूर्वी पेठेत गप्पांतून फुकट मिळे, ते आता सल्लागाराकडून विकत घ्यावे लागले.

द्राक्षांनी याच्या उलट बाजू दाखवली. तासगाव, मिरज, पलूस भागातील बागाईतदार युरोपात माल पाठवू लागले होते. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशावरून तेथे भारतीय द्राक्षांवर आक्षेप आला आणि निर्यातीवरच गदा येण्याची वेळ आली. त्यातून अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट ही इंटरनेटवरील नोंदणी सुरू केली. प्रत्येक बागेला क्रमांक, प्रत्येक फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल त्याच क्रमांकावर आणि परदेशातील पेटीवरील आकड्यावरून थेट बागेपर्यंत माग. लहान शेतकऱ्यांच्या हजारो बागा अशा एका सूत्रात ओवल्या जाणे ही अभिमानाची गोष्ट होती आणि तिचा गाजावाजा व्हायला हवा होता तितका झाला नाही. मग २०१० आले. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश युरोपात सापडले, कंटेनर अडकले आणि बागाईतदारांचे कंबरडे मोडले. या रसायनाची तपासणी करायच्या यादीतच नोंद नव्हती. जाळे बिनचूक चालले होते. बागेपासून बंदरापर्यंत प्रत्येक पेटीचा माग लागत होता. यादी करणाऱ्याने जे विचारले नाही ते जाळ्याने सांगितले नाही, एवढेच. सीसीसी वापरतात हे तासगावच्या पोरासोरांनाही ठाऊक होते. पण त्यांना विचारणार कोण?

सरकारी कचेऱ्यांचा अनुभव याहून निराळा नाही. या शतकाच्या आरंभी जिल्हा आणि तहसील कचेऱ्यांत सेतू केंद्रे निघाली, तेव्हा दाखल्यांसाठी टेबलामागून टेबल फिरणाऱ्या माणसाला खराच दिलासा मिळाला. २०११ पासून ग्रामपंचायतींत संगणक आले, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदतीची हमी दिली. पण काचेच्या खिडकीमागचा पडदा नेहमी चालकाकडे तोंड करून राहिला. माणूस आपले नाव, आपला गट क्रमांक, आपल्या वडिलांचे नाव सांगतो आणि चालक काय टंकतो ते त्याला दिसत नाही. छापून आल्यावर ‘पाटील’चे ‘पाटिल’ झालेले असते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. आज फोनवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवणारी म्हातारी माणसे ज्या केंद्रात रांगेत उभी असतात, तेथे कचेरीच्या आवारातील जुना अर्जनवीसच नव्या खुर्चीवर बसला आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. तो प्रामाणिक असेल, बहुधा असतोही. तथापि विश्वास ठेवण्यावाचून समोरच्याला दुसरा मार्ग उरलेला नाही.

म्हणून २०१७ सालची एक घटना विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. राज्यातील सातबारा उतारे संगणकावर चढवून झाले होते. हस्तलिखित आणि संगणकीय उतारा यांत तफावती निघू लागल्या, तेव्हा महसूल खात्याने गावोगावी चावडी वाचनाची मोहीम घेतली. तलाठ्याने गावासमोर उतारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा आहे त्याने ऐकून चूक सांगायची. कोट्यवधी नोंदींचे भांडार शुद्ध करण्यासाठी शेवटी शतकानुशतकांची चावडी आणि बोलती मराठी कामी आली. बांध कोणाचा, विहिरीत हिस्सा कोणाचा, मेलेल्या चुलत्याचे नाव अजून का दिसते, हे गावाला तोंडपाठ होते. पुढच्याच वर्षी, १ मे २०१८ रोजी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याने त्याचा भरपूर लाभ घेतला.

चावडी वाचन एकदाच का व्हावे, हा यातून निघणारा साधा प्रश्न आहे. ग्रामसभा वर्षातून अनेकदा भरतात. त्यात पीक विम्याच्या याद्या, घरकुलाच्या याद्या, अनुदानाच्या याद्या संगणकावरून छापून वाचल्या जाव्यात, असा आग्रह धरण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. सेवा केंद्रात ग्राहकाकडे तोंड केलेला दुसरा पडदा बसवण्यास फार मोठा खर्च नाही. पेट्रोल पंपावर आणि किराणा दुकानात तो असतोच. शाखेच्या, वस्तीच्या, महिला मंडळाच्या ज्या कार्यकर्त्यांची मुले संगणक शिकून पुण्याला गेली, त्यांनी सुट्टीला गावी आल्यावर आठवड्यातील एक संध्याकाळ वृद्धांना स्वतःच्या फोनवर स्वतःची नोंद उघडून पाहायला शिकवण्यात घालवली, तर शिराळ्याच्या डोंगरवस्तीपासून माणदेशापर्यंत त्याचा उपयोग होईल. वारणेकाठी शेतकऱ्याने २५ वर्षांपूर्वी जो कागद हातात धरून कारखान्याला जाब विचारला, त्यावर त्याच्या उसाचे वजन होते आणि त्याखाली त्याचे नाव बरोबर लिहिलेले होते.